कंपनीनं ठेवलेली चीर

टक्.

एवढाच आवाज. दोऱ्याचा एक टाका तुटला तर आवाज होऊन होऊन किती होणार? पण दुपारचे अडीच, लेक धनू झोपलेली, नळ गेलेला, खालच्या गाळ्यातली मशीनंही जेवणाच्या सुट्टीत गप्प. त्या शांततेत योगिताला तो टाका एवढा मोठ्यानं तुटल्यासारखा वाटला की तिनं आधी दाराकडं पाहिलं, मग धनूकडं, आणि मग देव्हाऱ्याकडं. देव्हाऱ्यातल्या मंडळींनी काही पाहिल्याचं दाखवलं नाही. तिनं दुसरा टाका तोडला.

उसवत होती ती वस्तू तिची नव्हती. तो होता तिसऱ्या मजल्यावरच्या उज्ज्वलाचा फोटोचा तंबू. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर पांढऱ्या कापडाचा हातभर लांब, हातभर रुंद, हातभर उंच खोका. कडांमधून तारेची कडी फिरवलेली, त्यामुळं सोडला की फट्टकन उभा राहतो. आत वस्तू ठेवायची, बाहेरून दोन्ही बाजूंना दिवे लावायचे, समोरच्या भोकातून फोटो काढायचा. उजेड कापडातून गाळून आत येतो, सावली पडत नाही, आणि वीस रुपयांचं कानातलं असं दिसतं की विकणाऱ्या बाईलाच ते स्वतःकडे ठेवावंसं वाटावं. उज्ज्वला खोट्या दागिन्यांचा धंदा करायची. बहिणीच्या बाळंतपणाला महिनाभर शिरपूरला जाताना तिनं तंबू योगिताकडे दिला आणि म्हणाली, "वापर गं. पडून राहण्यापेक्षा तुझ्या केसांच्या बोंचे फोटो तरी निघतील."

वापर म्हणाली होती. उसव म्हणाली नव्हती. हा बारीक फरक योगिताच्या लक्षात आला नव्हता असं नाही. तिनं तो नजरेआड करून ठेवला होता, एवढंच.

बोंचं असं होतं. योगिताचा नवरा धर्मेंद्र साड्यांवर डिजिटल छपाई करणाऱ्या कारखान्यात डिझाइनला बसायचा. येताना कापडाचे तुकडे आणायचा. त्याचे योगिता केसांचे बो करायची आणि मोबाइलवरच्या ग्रुपात फोटो टाकायची. फोटो पलंगावर काढायची. गेल्या महिन्यात तीन बायकांनी चौकशी केली होती आणि तिघींनीही विचारलं होतं, "बो राहू द्या ताई, ती मोराची चादर केवढ्याला?"

माणसाच्या स्वाभिमानाला यापेक्षा जास्त ठेच काय लागायची?

तंबूत काढलेला पहिला फोटो टाकला आणि अर्ध्या तासात अकरा बो गेले. आता उज्ज्वला आली की तंबू जाणार आणि पुन्हा मोराची चादर येणार. नवीन घ्यायचा तर चौदाशे पन्नास. योगितानं तंबू आतून-बाहेरून पाहिला. कापड, तार, पट्टी. परकर शिवता येणाऱ्या बाईला यात न जमण्यासारखं काय होतं? फक्त कडेची तार आत कशी फिरवलीय ते बाहेरून कळत नव्हतं.

"धर्मा," तिनं आदल्या दिवशी विचारलं होतं, "असं बघून करणं चांगलं का?"

धर्मेंद्रला वाईट वाटलं. तंबूचं नाही, स्वतःच्या पेशाचं. "मी दिवसभर काय करतो मग? सकाळी एका मार्केटात डिझाइन येतं, दुपारी सेठ फोटो पाठवतो, संध्याकाळी ते आपल्याकडं छापून निघतं. सूरतमध्ये बघून केलं नाही तर अर्धं गाव घरी बसेल. नियम एकच. तीन फरक पाहिजेत. फूल डावीकडचं उजवीकडं, पान मोठं, बॉर्डर बदल. तीन फरक झाले की माल आपला."

"आणि ज्यानं पहिलं काढलं, तो?"

"तो पण कुणाचे तरी तीन फरक करूनच बसलेला असतो. आणि हे तर कंपनीचं आहे. कंपनीला काय कळतंय इथं डिंडोलीत तू काय शिवतेस ते?"

कंपनी. हा शब्द मोठा सोयीचा असतो. कंपनीला आई नसते, कंपनीला गुडघे दुखत नाहीत, कंपनी रात्री जागी राहून काळजी करत नाही. तंबूच्या तळाला एक चकचकीत पट्टी होती: सरलक्स फोटो सिस्टीम्स, खाली एक मोबाइल नंबर. योगिताच्या डोळ्यासमोर काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं आणि थंडगार हवा आली. अशांचे चार टाके बघितले तर त्यांचं काय बिघडणार होतं?

योगायोग असा की त्याच सकाळी धनूच्या डायरीत बाईंचा शेरा आला होता: शेजारच्या मुलीचं चित्र बघून काढते. योगितानं सहा वर्षांच्या लेकीला समोर बसवून चांगलं पाव तास समजावलं होतं. "दुसऱ्याचं बघून करायचं नाही, बेटा. आणि करायचंच असेल तर आधी विचारायचं. मी तुझ्यासारखं काढू का, असं. ती हो म्हणाली तरच."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर आपल्या मनानं काढायचं."

"माझ्या मनात तर तिच्यासारखाच मोर आहे," धनू म्हणाली होती.

तर असे संस्कार सकाळी आणि टक् टक् दुपारी.

कागदावर माप उतरलं, तार कशी फिरते ते कळलं, तंबू होता तसा पुन्हा शिवून झाला. कोणाच्या बापाला कळलं नसतं, असं योगिताला वाटलं. नकलेचे तीन फरक तिनं प्रामाणिकपणे केले. कडेची पट्टी काळ्याऐवजी निळी. खालचा तळ दुहेरी. आणि आतून पातळ मलमलीचं अस्तर, कारण मूळ तंबूच्या कापडातून दिव्याचा गोळा दिसायचा, तो अस्तरामुळं दिसेनासा झाला. हा तिसरा फरक तिचा स्वतःचा होता आणि तो सुचला तेव्हा ती एकटीच स्वयंपाकघरात हसली होती.

पण एका ठिकाणी गाडी अडली. तंबूच्या डाव्या बाजूला, वरच्या काठाशी, चार बोटं लांबीची एक चीर होती. चुकून फाटलेली नव्हे. दोन्ही कडा दुमडून शिवलेल्या, खाली पक्का टाका घातलेला. फोटोचं भोक समोर होतं, दिवे बाहेर होते. मग ही चीर कशासाठी?

योगितानं विचारायला नको होतं, पण तिनं विचारलं, आणि प्रश्न जिन्यात गेला. जिन्यात गेलेला प्रश्न परत येत नाही.

पहिले आले तळमजल्याचे लोटूआप्पा. पस्तीस वर्षं लूमवर काढलेली, आता सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी चष्मा लावून चीर पाहिली, बोट घालून पाहिलं, डोळा लावून पाहिला. "हाई चीर काबरं ठेई व्हई?" त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "हवा. दिव्यानी गरमी व्हस. गरमी वर चढस. येवढी चीर ठेवी की भायेर निंघी जास. कंपनी येडी नही शे, पोरी."

शेजारच्या वत्सलाबाई परभणीच्या. त्यांना हे पटलं नाही. "हवा कशाची आप्पा! अहो, त्याच्यातून दोरी घालायची. दागिना लटकवायला. मी टीव्हीवर पाह्यलंय."

"टीव्हीवर तंबू होता?"

"तंबू नव्हता, पण दागिना लटकत होता."

धर्मेंद्रनं मोबाइलवर तासभर शोधलं. चाळीस तंबूंचे व्हिडिओ पाहिले, एकालाही चीर नव्हती. त्यावरून त्यानं निष्कर्ष काढला की हे सरलक्सवाल्यांचं खास तंत्र असणार आणि म्हणूनच ते कोणी दाखवत नाही. "चीर सोडू नकोस," तो गंभीरपणे म्हणाला. "बाकी काहीही बदल. फोटो चांगले येतात ते त्या चिरीमुळंच येत असतील तर?"

योगितानं चीर तशीच ठेवली. चार बोटं म्हणजे चार बोटं, मोजून. उलट तिनं खालचा टाका जरा जास्तच पक्का केला. जिच्या सगळ्या अंगाची नक्कल केली त्या वस्तूच्या एकाच भागाला हात लावायची तिची छाती झाली नाही, आणि तो भाग कोणता, तर जो कोणालाच कळला नव्हता.

तारेसाठी धनूच्या लहानपणीची घडीची मच्छरदाणी कामी आली. पहिला तंबू उभा राहिला आणि त्यात काढलेला फोटो उज्ज्वलाच्या तंबूपेक्षा उजळ आला, तेव्हा वत्सलाबाई म्हणाल्या, "मलाबी एक करून दे. माझ्या पापडांचे फोटो काढीन." त्यांच्या मागून समोरच्या इमारतीतली केकवाली, तिच्या मागून तिची भावजय, मग राखीवाली, मग अगरबत्तीवाली. योगितानं भीत भीत सातशे सांगितले. सगळ्यांनी एका सुरात हो म्हटलं, तेव्हा तिला आठशे न सांगितल्याचं वाईट वाटलं. महिन्याभरात तिनं पाच तंबू शिवून दिले. प्रत्येकासाठी एकेक जुनी मच्छरदाणी बळी गेली आणि प्रत्येकाच्या डाव्या बाजूला, वरच्या काठाशी, चार बोटांची चीर होती.

मध्येच महापालिकेची मलेरियावाली ताई आली. ती दर काही दिवसांनी यायची, कुंड्यांतलं पाणी पाहायची, दारामागच्या कार्डावर सही करायची. गच्चीवर दोरीला पाच पांढरे तंबू वाळत होते. ती बराच वेळ पाहत राहिली.

"या मच्छरदाण्या आहेत?"

"नाही ताई, तंबू आहेत. फोटोचे."

तिनं फॉर्म उलटसुलट केला. त्यात टाकी होती, कुंडी होती, टायर होता, मच्छरदाणी होती. फोटोचा तंबू नव्हता. रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. शेवटी तिनं लिहिलं, "मच्छरदाण्या पाच, मापानं लहान." मग पेन खिशात ठेवता ठेवता चिरीत बोट घालून म्हणाली, "पण बेन, इथून डास आत जाणार ना? हे शिवून घ्या." नोंदीत तसा शेराही मारला. म्हणजे त्या चिरीबद्दल साऱ्या सूरतमध्ये एकटीच ती ताई बरोबर बोलली होती, आणि तिचंच कोणी ऐकलं नाही.

उज्ज्वलाचा फोन शुक्रवारी आला. "रविवारी निघते गं."

योगितानं उज्ज्वलाचा तंबू पुसला, झटकला, घडी करायला घेतला. आता, हा तंबू उलगडायला एक क्षण लागतो आणि घडी घालायला एक आयुष्य. दोन्ही टोकं धरून पिळायचा, मग आत वळवायचा, मग एका गोलावर दुसरा गोल चढवायचा. योगिताला जमेना. तिनं धर्मेंद्रला बोलावलं. धर्मेंद्र म्हणाला, "बाजूला हो, हे ताकदीचं काम आहे." जगातली अर्धी मोडतोड या वाक्यानंतर होते. त्यानं पिळलं, दाबलं, गुडघा टेकवला. योगितानं स्वतःच्या हातानं परत शिवलेली शिवण फुटली, तार सुटून सर्रकन बाहेर आली, भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचली, कॅलेंडर चहावर पडलं, आणि कापड वरच्या काठापासून वीतभर फाटलं.

धर्मेंद्रनं कॅलेंडर चहातून उचललं. धनू तेवढी म्हणाली, "पप्पा, आता इथं पण चीर झाली."

उपाय सगळ्यांनी एकच सुचवला: तुझा नवा तंबू आहे, तो दे, वर ती पट्टी लाव, उज्ज्वलाला काय कळतंय. योगितानं पट्टी उसवायला ब्लेड घेतलं. सरलक्स फोटो सिस्टीम्स. ब्लेडचं टोक पहिल्या अक्षराखाली गेलं आणि तिथं तिचा हात थांबला. माप घेतलं होतं, तार बघितली होती, चीर मोजली होती, तेव्हा काही झालं नव्हतं. नाव उसवणं मात्र तिला जमेना. धर्मेंद्रच्या तीन फरकांत हे कुठंच बसत नव्हतं. तिनं ब्लेड खाली ठेवलं, शनिवारी सकाळी पट्टीवरचा नंबर लावला. दुरुस्त करून मागावा, पैसे द्यावेत, उज्ज्वलाला खरं सांगावं, एवढंच तिनं मनाशी ठरवलं होतं. बाकीच्या पाच तंबूंबद्दल कंपनीला सांगायचं काही कारण नव्हतं.

"सरलक्स फोटो सिस्टीम्स में आपका स्वागत है," एक बाई कडक हिंदीत म्हणाली. मागं कसली तरी घरघर चालली होती. "बिल नंबर बोलिए."

"बिल तो नहीं है मॅडम, वो सहेली का..."

"बिना बिल नंबर तक्रार नहीं होती."

"अहो, पण..." योगिता घाबरली की मराठीत येते.

पलीकडचा आवाज जरा मऊ झाला. "मराठी का तुम्ही? थांबा, मराठी विभागाला देते. लाइनीवर राहा." दोन क्षण काहीच नाही. कुकरची एक शिट्टी. मग तोच आवाज, थोडा घोगरा करून, "हां, मराठी विभाग. बोला."

योगितानं सगळं सांगितलं. मराठी विभागानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की दुरुस्ती त्यांच्याकडं येत नाही, सर्व्हिस विभागाकडं द्यावं लागेल. पुन्हा शांतता. पुन्हा शिट्टी. पुन्हा तोच आवाज, आता अगदीच थकलेला. "सर्व्हिस. काय फाटलं?"

आणि नेमकं तेव्हा फोनमधून गाणं ऐकू आलं. कचऱ्याच्या गाडीचं. सुका कचरा वेगळा, ओला कचरा वेगळा. गाणं फोनमध्ये मोठं झालं, मग लहान झालं, आणि दुसऱ्याच मिनिटाला ते योगिताच्या स्वतःच्या खिडकीखाली वाजायला लागलं.

योगितानं खिडकीतून खाली पाहिलं.

"ताई," योगिता हळूच म्हणाली, "तुमच्याकडची गाडी आत्ता आमच्याकडं आली का?"

सर्व्हिस विभागानं खोल श्वास घेतला. "कोनी पोर शे वं तू? कोनती सोसायटी?"

कंपनी दोन गल्ल्या पलीकडं राहत होती.

शाळेला सुट्टी म्हणून धनूला बरोबर घ्यावं लागलं. एका पत्र्याच्या खोलीत शिलाई मशीन, दोरीवर वीस रंगांचे परकर वाळत घातलेले, कोपऱ्यात पांढऱ्या कापडाचे तागे. भिंतीवर छापील कागद: मुख्य कार्यालय. साठीच्या सरलाबाई जाड चष्म्यातून पाहत होत्या. "मन्हा पोऱ्या हेमराजनी करेल शे ते सगळं," त्या कागदाकडं बोट दाखवून म्हणाल्या. "विभाग सांगाले बी त्यानीच शिकाडं. म्हनतो, एकटी बाई शे कळलं का लोक भाव पाडतात. बठ."

त्यांनी फाटका तंबू मांडीवर घेतला. शिवणीवरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"हाई कोनी उसवं?"

"उंदीर," योगिता म्हणाली. का म्हणाली, ते तिला आजतागायत कळलेलं नाही.

"उंदीर इतलं जपीसन टाका काढत नही." सरलाबाई चष्म्यावरून पाहत राहिल्या. "आनि परत शिवत तर मुळीच नही."

"मम्मीकडं अजून आहे असाच," धनूनं मदत केली. "आणि मम्मीनं पाच जणींना शिवून दिले. निळी पट्टी आहे त्यांना. खूप छान आहेत."

योगितानं आयुष्यात परीक्षेत, मुलाखतीत, सासूसमोर, बऱ्याच ठिकाणी मान खाली घातली होती; पण एवढी खाली कधी गेली नव्हती.

"पाच," सरलाबाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत. तेच वाईट होतं. "महिन्याले चार-पाच तंबू तर डिंडोलीतच जातात माझे. या महिन्यात एक बी नाही गेला. मला वाटलं, माझ्याच हाताचं काही बिघडलं. डोळे गेले, टाका वाकडा पडतो, म्हणून लोक घेईनात. रोज जुना तंबू काढून टाके पाहत बसायची मी."

काचेची इमारत, गळ्यातली ओळखपत्रं, सगळं त्या पत्र्याच्या खोलीत विरघळून गेलं आणि मागं राहिली एक म्हातारी बाई, आपलेच टाके तपासत बसलेली. "माझं चुकलं, काकू," योगिता म्हणाली. "मला वाटलं कंपनी आहे."

"कंपनीच तर शे," सरलाबाई म्हणाल्या. "मी."

मग त्यांनी हात पुढं केला. "दाखव तुझा. आणला असशीलच."

आणला होता. दुरुस्तीला नमुना लागेल म्हणून पिशवीत घेतला होता. सरलाबाईंनी तो उघडला, वळवला, आणि डाव्या बाजूला वरच्या काठाशी येऊन थांबल्या. चिरीत बोट घातलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. योगिताला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. एवढ्या हसल्या की चष्मा काढून पदरानं डोळे पुसावे लागले.

"हाई बी करी तुनी?"

"म्हणजे... ती कशासाठी असते? आमच्याकडं सगळे म्हणतात हवेसाठी."

"हवा!" पुन्हा हसू. त्यांनी दोरीवरचा एक हिरवा परकर ओढला, नाडीपाशी बोट ठेवलं. तिथं, डाव्या बाजूला, वरच्या काठाशी, चार बोटांची चीर होती. दोन्ही कडा दुमडलेल्या. खाली पक्का टाका. "चाळीस वरीस परकर शिवते मी. वरची शिवण आली का हात आपोआप चीर ठेवतो. पहिल्या तंबूलाच पडली. हेमराज म्हणे, आई हे काय? मी म्हटलं, राहू दे, कोणी विचारलं तर पाहू. दोन वर्षांत कोणी विचारलं नाही. एकानं तर लिहिलं, चिरीची सोय फार उत्तम."

योगिता स्वतः परकर शिवायची. आयुष्यात शेकडो चिरा तिनं स्वतःच्या हातानं ठेवल्या होत्या. पण पट्टीवर कंपनी लिहिलेलं होतं, म्हणून तिला ती ओळखू आली नाही. आधी तिला लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग दोन्ही एकदम.

"पैसे..." ती म्हणाली.

"पैसे ठेव तुझ्यापाशी, मच्छरदाण्या तुझ्या, मेहनत तुझी." सरलाबाईंनी डब्यातून पाच पट्ट्या मोजून काढल्या. सरलक्स फोटो सिस्टीम्स. "या घेऊन जा. पाची घरी जायचं, सांगायचं हे कोणाचं आहे, आणि आपल्या हातानं लावायची. पुढच्या वेळी कोणी मागितला तर इकडं पाठवायचं. नाहीतर ये, दोघी शिवू." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी बी कुठं आकाशातून आणलं? जावयाच्या स्टुडिओत पाहिला. त्याला विचारलं, तो हो म्हणाला. पण त्याला ज्यानी विकला त्याला कुठं विचारलं मी? म्हणून तुला जास्त बोलत नाही."

उज्ज्वलाचा तंबू शिवून दिल्यावर, निघताना त्यांनी योगिताचा तंबू पुन्हा उजेडासमोर धरला. आतल्या मलमलीवरून हात फिरवला. मान डोलावली.

"हाई अस्तर तुन्हं शे का? कोणाचं पाहिलं?"

"नाही काकू. माझंच आहे. दिव्याचा गोळा दिसत होता म्हणून."

सरलाबाईंनी तंबू खाली ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एखाद्या कार्यालयात अर्ज द्यावा तशा सरळ बसल्या. "मग मी माझ्या तंबूले असं अस्तर लावू का? तू हो म्हण, नाहीतर नाही लावत."

आता, लग्नाला आठ वर्षं झाली होती. योगिताच्या भाजीची चव, तिच्या बोंची गाठ, धनूला झोपवायचं तिचं गाणं, हे सगळं कोणी ना कोणी उचललेलं होतं आणि तिलाही त्यात काही वाटलेलं नव्हतं. पण "तुझं आहे, घेऊ का?" असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तेही जिचं तिनं न विचारता घेतलं, त्याच बाईनं. योगितानं मान हलवून हो म्हटलं. परत जाताना ती मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानत होती: सरलाबाईंचे, कुकरच्या शिट्टीचे, फुटलेल्या शिवणीचे, आणि कचऱ्याच्या गाडीचे तर फारच. धर्मेंद्रच्या गुडघ्याचेसुद्धा मानले, पण ते त्याला सांगायचं नाही असं ठरवून.

पाच घरं फिरणं तिला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. तिनं प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं की हे माझं नव्हतं, हे सरलाबाईंचं आहे, आणि ही त्यांची पट्टी. वत्सलाबाईंचा चेहरा उजळला. "म्हंजे आता हा कंपनीचा झाला! सातशेत! बाई, लाव की लवकर." केकवालीनं पट्टी समोरच्या बाजूला लावून मागितली, दिसेल अशी. चिरीचं खरं कारण ऐकून राखीवाली आणि अगरबत्तीवाली जिन्यात बसून हसल्या. लोटूआप्पांना मात्र ते पटलं नाही. त्यांनी योगिताला बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "पोरी, ती बाई हुशार शे. परकर-बिरकर सांगी दिनं तुले. कंपनी आपलं गुपित कोनले सांगस का?"

रविवारी उज्ज्वला आली. दुरुस्त तंबू, सगळी हकिगत आणि चहा, हे तिन्ही योगितानं एकदमच पुढं ठेवले. उज्ज्वला थोडी रुसली, मग चिरीपाशी आली आणि रुसवा टिकेना. "मी दोन वर्षं त्यातून चार्जरची वायर घालतेय गं," ती म्हणाली. मग धनूला मांडीवर घेऊन तिच्या केसांत योगितानं केलेला बो लावता लावता म्हणाली, "काय गं बाई ही पोरगी! तेच नाक, तेच हसू. योगिताची नक्कल आहे नुसती."

उज्ज्वला गेली. योगिता कपबशा विसळत होती. धनू आरशासमोर उभी होती, बराच वेळ. नाकावर बोट ठेवत होती, हसून पाहत होती, हसणं थांबवून पाहत होती. मग ती स्वयंपाकघराच्या दारात आली. चेहरा काळजीचा, डायरीतला शेरा दाखवताना असतो तसा.

"मम्मी, तुझं नाक घेताना मी तुला विचारलं होतं का?"